‘फुकट अपग्रेड’च्या नावाखाली गळ्यात मारलेली इलेक्ट्रिक गाडी

युरोपात गाडी भाड्याने घेणार असाल आणि काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘तुम्हाला फुकट अपग्रेड देतोय’, तर तिथेच सावध व्हा. म्युनिकच्या विमानतळावर हेच वाक्य ऐकवून आमच्या हातात इलेक्ट्रिक गाडीची किल्ली ठेवली गेली आणि आम्ही घरी परतल्यावर क्रेडिट कार्डातून सहाशे युरोंच्या वर रक्कम परस्पर वळती झाली. भांडून त्यातले बरेचसे परत मिळवले, सगळे नाही. डिसेंबरच्या थंडीत म्हाताऱ्या माणसांना जो त्रास झाला, तो तर कोणत्याच बिलात बसत नाही.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा आणि सासू-सासरे. ऑटोमॅटिक, पाच दरवाजांची मध्यम गाडी बरीच आधी बुक केली होती. व्हाउचरवर पेट्रोल गाडीचा फोटो होता आणि खाली ‘किंवा तत्सम’. विमान संध्याकाळी उशिरा उतरलं. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं की तुमच्या वर्गातली एकही गाडी शिल्लक नाही, पण वरच्या वर्गातली इलेक्ट्रिक आहे, एक सेंटही जास्त लागणार नाही. मी स्पष्ट सांगितलं की आम्हाला इलेक्ट्रिक नको. डोंगरात जायचंय, कडाक्याची थंडी आहे, सोबत सत्तरीची माणसं आहेत, चार्जरवर पैसे भरायचं इथलं एकही चार्जिंग कार्ड आमच्याकडे नाही. तो म्हणाला, नको असेल तर बुकिंग रद्द धरतो, भरलेले पैसे मिळणार नाहीत. मग त्याने एक छोटा स्क्रीन पुढे सरकवला. त्यावर सहीची रिकामी चौकट तेवढी दिसत होती. ‘ही फक्त किल्ली मिळाल्याची सही’, असं तो म्हणाला. छापील प्रत मागितली तर ‘ईमेलवर येईल’. ईमेल दुसऱ्या दिवशी आला, तोही जर्मन भाषेत.

व्हाउचरवर चार अक्षरांचा एक कोड असतो, त्याकडे सहसा कोणी बघत नाही. आमचा होता ‘सीडीएआर’. गाड्यांचे वर्ग ठरवणारी ही पद्धत बहुतेक मोठ्या कंपन्या वापरतात. पहिलं अक्षर आकार सांगतं, दुसरं दरवाजे, तिसरं गिअर आणि चौथं इंधन व एसी. चौथ्या जागी ‘आर’ असेल तर एसी नक्की, पण इंधन कोणतं याची काहीच हमी नाही. ‘व्ही’ म्हणजे पेट्रोल, ‘डी’ म्हणजे डिझेल, ‘ई’ किंवा ‘सी’ म्हणजे इलेक्ट्रिक. पेट्रोलचीच गाडी हवी असेल तर बुकिंग करतानाच हे चौथं अक्षर बघा आणि ‘आर’ दिसलं तर इंधनाचं लेखी उत्तर मागून घ्या. फोटो कितीही पेट्रोल गाडीचा असला तरी त्याला अर्थ नाही.

पार्किंगमध्ये गाडी चालू केली तेव्हा बॅटरी 61 टक्के होती आणि पल्ला 214 किलोमीटर दाखवत होता. आम्हाला जायचं होतं आल्प्सच्या डोंगरातल्या बेर्शटेसगाडेन गावाला, साधारण 180 किलोमीटर. कागदावर जमतं. पण बाहेर शून्याखाली सहा अंश, आणि हमरस्त्यावर 120च्या वेगाने आतला हीटर चालू ठेवून गेलं की हा आकडा डोळ्यांदेखत खाली येतो. वाटेतल्या रोझेनहाइम शहराच्या अलीकडेच बॅटरी 25 टक्क्यांच्या आत आली. मागून सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, हीटर बंद केला तर पोचू ना? आम्ही शाली घेतो.’ दोघं शाली लपेटून बसले. सीट गरम करायचं बटण अंधारात खूप वेळाने सापडलं. संपूर्ण गाडी तापवण्यापेक्षा त्याला फार कमी वीज लागते, हे काउंटरवर एका वाक्यात सांगता आलं असतं.

पहिल्या चार्जरवर बँकेचं कार्ड चालेना, ॲपच हवं. ॲपचा ओटीपी घरच्या सिमवर, आणि ते सिम बंद. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे 13 एप्रिल 2024 पासून नव्याने बसवलेल्या, 50 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सार्वजनिक चार्जरवर बँकेचं कार्ड चाललंच पाहिजे. त्याआधीचे चार्जर मात्र अजून जागोजाग आहेत. दुसऱ्या ठिकाणी कार्ड चाललं. पाटी 150 किलोवॅटची होती, पण गारठलेली बॅटरी कशीबशी 35 घेत होती. गाडीच्या स्वतःच्या नकाशात चार्जरचा पत्ता टाकला की बऱ्याच गाड्या वाटेतच बॅटरी गरम करून घेतात. फोनवरचा नकाशा लावून गेलं तर गाडीला काही कळत नाही. तसंच, 80 टक्क्यांनंतर वेग आणखी पडतो, म्हणून तिथे थांबून शंभर करण्याच्या फंदात पडू नका.

दरही ऐका. असं थेट कार्ड लावून भरलं तर एका युनिटला साधारण 70 ते 90 सेंट पडतात. मासिक करार असलेल्या स्थानिक माणसाला बरंच कमी. थंडीत हमरस्त्यावर शंभर किलोमीटरला 25 युनिटं धरा, म्हणजे वीस युरोंच्या आसपास. तेवढ्या अंतराला छोट्या गाडीचं पेट्रोलही इतकं महाग पडत नाही. ‘वीज स्वस्त असते’ हे घरी चार्जिंग करणाऱ्यासाठी खरं, पाहुण्यासाठी नाही.

हॉटेलच्या आवारात चार्जिंगचा खांब होता. जीव भांड्यात पडला. जवळ जाऊन बघितलं तर खांबाला वायर नाही, फक्त सॉकेट. युरोपात हळू चार्ज करणारे बहुतेक खांब असेच असतात. ‘टाइप टू’ची, म्हणजे युरोपात चालणाऱ्या प्लगची केबल गाडीतली आपली असावी लागते. डिकी उघडली, खालचं झाकण उचललं, पुढचं बॉनेटही बघितलं. केबल नव्हतीच. रात्री अकराला नवऱ्याने रिकाम्या डिकीचे फोटो काढून कंपनीला ईमेल केला. उत्तर आलं नाही. त्या ईमेलनेच पुढे आम्हाला वाचवलं.

गाडीवर माझा अजिबात राग नाही. तिथल्या रॉसफेल्डच्या डोंगररस्त्यावरून उतरताना बॅटरी संपायच्या ऐवजी दोन टक्के वाढली तेव्हा सासरे लहान मुलासारखे खूश झाले. माझी तक्रार फसवून देण्याबद्दल आहे.

परत देताना माणसाने गाडीभोवती फेरी मारली, ‘सगळं ठीक’ म्हणाला, आम्ही निघालो. नंतर बिल आलं. ‘ग्राहकाच्या विनंतीवरून वरचा वर्ग’, दिवसाला 24 युरो. ‘केबल हरवली’, 350 युरो. ‘चार्जिंग कमी’, दंड आणि सेवाशुल्क, कारण करारात गाडी देताना बॅटरी 100 टक्के होती असं छापलेलं! सगळ्यावर 19 टक्के कर. आम्ही नको म्हणत असताना दिलेली गाडी ‘आमच्या विनंतीवरून’ झाली, हे वाचून अंगाचा तिळपापड झाला.

हा एका मुलाचा आगाऊपणा आहे असं मला वाटत नाही. भाड्याच्या कंपन्यांनी इलेक्ट्रिक गाड्या मोठ्या संख्येने घेतल्या, मग त्यांची जुन्या बाजारातली किंमत घसरली आणि दुरुस्ती महाग पडू लागली. अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीने 2024च्या सुरुवातीला सुमारे 20,000 इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या होत्या. ज्या गाड्या कोणी मागून घेत नाही, त्या रात्री उशिरा उतरलेल्या, दमलेल्या प्रवाशाला देणं सोपं. तो भाषा जाणत नाही आणि दुसरीकडे जाऊ शकत नाही.

म्हणून काउंटर सोडण्यापूर्वी अपग्रेडची रक्कम शून्य आहे हे करारावर लिहून घ्या. स्क्रीनवर सही करण्याआधी ‘वर सरकवून दाखवा’ म्हणा आणि आकडे दिसल्याशिवाय हात लावू नका. ‘विनंतीवरून’ असा शब्द दिसला तर खोडायला लावा. मध्यस्थ वेबसाइटवरून बुकिंग असेल तर काउंटरवरूनच त्यांना फोन करा. इलेक्ट्रिक घ्यावीच लागली तर पार्किंगमधून निघण्याआधी बॅटरीच्या टक्क्यांचा, डिकीतल्या केबलचा आणि चार्जिंग कार्डाचा व्हिडिओ काढा. केबल नसेल तर पुन्हा काउंटरवर जा, कितीही उशीर झाला तरी. परत देताना टक्के आणि केबल दोन्ही त्यांच्याच माणसाकडून लिहून घ्या, तोंडी ‘ठीक’वर निघू नका.

आमच्याकडे डॅशबोर्डवरच्या 61 टक्क्यांचा फोटो वेळेसकट होता आणि डिकीचा त्या रात्रीचा ईमेल होता. कंपनीने आधी ‘काउंटरवर सांगायला हवं होतं’ एवढंच उत्तर दिलं. तेव्हा कार्ड देणाऱ्या बँकेत तक्रार नोंदवली आणि दोन्ही पुरावे जोडले. केबलचे आणि चार्जिंगचे पैसे परत आले. अपग्रेडचे नाही, कारण खाली सही आमची. त्यावर पत्रव्यवहार चालू आहे. तुमच्या बाबतीत असं घडलं तर कंपनीच्या उत्तराची वाट बघत महिने घालवू नका. कार्डाच्या वादासाठी साधारणपणे 120 दिवसांची मुदत असते, काही बँका त्याहून कमी देतात, आणि ‘तपास चालू आहे’ अशा ईमेलांत ती सहज निघून जाते.