वाऱ्याचा बोगदा की पिथमपूरचा ट्रॅक?

नाशिकच्या अंबडमधल्या शेडमध्ये आम्ही स्पीड रेकॉर्डसाठी बाइकवर फायबरचं कवच चढवतोय. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि त्यावर मात करायला ताकद आठपट लागते, म्हणून चाचणी हवीच.

एक मार्ग विंड टनेलचा, म्हणजे उभ्या वाहनावर जोरात वारा सोडून अडथळा मोजायचा बोगदा. आयआयटी कानपूरच्या अशा बोगद्याचा चाचणी कक्ष ३ मीटर रुंद, २.२५ मीटर उंच; वारा सेकंदाला ८० मीटरपर्यंत, म्हणजे ताशी २८८ किमी. आकडे चोख मिळतात. पण अशा ठिकाणी तासांचे पैसे मोजावे लागतात, आणि पाव आकाराचं मॉडेल नेलं तर प्रवाह खऱ्या बाइकशी तंतोतंत जुळवायला वारा चौपट वेगाचा हवा; रेकॉर्डच्या वेगाला तेवढा तिथे मिळत नाही. तिथेच गणित फसतं.

दुसरा मार्ग इंदूरजवळच्या पिथमपूरचा नॅट्रॅक्स, म्हणजे वाहन चाचणी केंद्र; तिथे ११.३ किमीचा हायस्पीड ट्रॅक. नाशिकहून आग्रा हायवे धरायचा. ताशी १०० किमीला न्यूट्रल करून ८० वर यायला किती सेकंद लागले ते मोजायचं, दोन्ही दिशांनी, म्हणजे वाऱ्याचा परिणाम बराचसा कटतो. टायरचं घर्षण मात्र त्यात मिसळतंच. कवचावर चिकटवलेले लोकरीचे धागे सरळ राहिले तर ठीक. सीटमागे फडफडले, तर हवा तिथे कवचापासून सुटतेय आणि अडथळा वाढतोय.

माझं मत? आधी धागे आणि ट्रॅक. आकार पक्का झाल्यावरच कानपूर.