कंबरदुखीसाठी घरचे तीन व्यायाम आणि चालणं : एका पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

माझं काम लेखा विभागातलं. दिवसभर संगणकासमोर बसणं, जाता-येता स्कूटर, घरी आलं की ओट्यापाशी उभं राहणं. गेल्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या सुमारास कंबर धरली ती सुटेचना. एमआरआयमध्ये कमरेच्या खालच्या मणक्यांमधली एक चकती थोडी फुगलेली दिसली आणि ‘मणक्यात गॅप आला’ म्हणून घरच्यांनी धसका घेतला. फिजिओथेरपिस्ट ताईंनी एक गोष्ट सांगितली, तिचा मला औषधाइतका उपयोग झाला. ज्यांची कंबर कधी दुखलेलीच नाही अशांचे एमआरआय तपासले, तर विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांमध्येही चकती फुगलेली सापडते. पायात ताकद नीट होती, मुंग्या नव्हत्या. त्यामुळे डॉक्टरांनीही आधी व्यायामच करायला सांगितलं.

ताईंनी शिकवलेले तीन प्रकार कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांच्या नावाने ओळखले जातात. पहिल्यात उताणं झोपून एक गुडघा वाकवायचा, दुसरा पाय सरळ, तळहात कमरेच्या पोकळीखाली, आणि डोकं-खांदे जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकेच उचलायचे. नेहमीच्या पोटाच्या व्यायामात पाठ गोल होते; इथे ती मुळीच वाकवायची नाही. दुसऱ्यात कुशीवर, कोपरावर भार देऊन कंबर उचलायची. सुरुवातीला गुडघे टेकूनच करा, पाय सरळ ठेवून करायची घाई नको. तिसऱ्यात हाता-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट बाजू. प्रत्येक वेळी साधारण १० सेकंद धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. जास्त वेळ धरण्यापेक्षा थोडा वेळ धरून पुन्हा पुन्हा करायचं, म्हणजे स्नायू फार न थकता त्यांचा दम वाढतो.

तिसरा प्रकार दिसायला सर्वात सोपा, पण नीट जमायला मला त्यालाच सर्वात जास्त वेळ लागला. पाय उचलताना कंबर एका बाजूला कलते आणि ते आपलं आपल्याला कळत नाही. ताईंनी माकडहाडाच्या वर रिकामं ताट ठेवायला लावलं. ताट घसरलं की कळतं. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांनी निदान एकदा तरी जाणकाराकडून तपासून घ्यावं असं मी कळकळीने सांगेन.

फरक कधी पडला? पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जवळजवळ काहीच नाही, आणि बहुतेक जण नेमके इथेच सोडून देतात. गणपतीच्या सुमारास खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार लागेनासा झाला. दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा चमक भरली, पण दोन दिवसांत उतरली. पूर्वी तीच आठवडाभर राहायची. आजही दुखणं पूर्ण गेलेलं नाही. महिनाअखेरीला हिशेब जुळवताना बैठक लांबली की कंबर बोलतेच. पण पाण्याची बादली उचलताना आता जीव घाबरा होत नाही, आणि मला याचं मोल दुखणं कमी होण्याहून मोठं वाटतं.

चालण्याला मी आधी व्यायामात धरतच नव्हते. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वायरी विद्यापीठाच्या संशोधकांनी नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर अभ्यास केला, तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. टप्प्याटप्प्याने चालणं वाढवणाऱ्यांमध्ये दुखणं पुन्हा उलटायला साधारण २०८ दिवस लागले, इतरांमध्ये ११२. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की मी आवाराला फेऱ्या मारते. माझ्यासारख्या बैठ्या कामाच्या माणसाला यासारखं स्वस्त औषध नाही.

वेळ कोणती निवडावी यावरही लिहायला हवं. रात्रभर झोपेत चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्या-उठल्या पाठ ताठर असते आणि वाकताना चकतीवर ताण अधिक येतो. उठल्यावर पहिला तासभर खाली वाकून करायची कामं मी टाळते. फरशी पुसणं संध्याकाळवर ढकललं आणि व्यायाम चहा-आंघोळीनंतर करते. एवढ्यानेही सकाळ सुसह्य झाली.

पट्ट्याबद्दल बरेच जण विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायामाची शिफारस आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (म्हणजे वजन लावून किंवा यंत्राने कंबर ताणणं) हे नेहमीचे उपचार म्हणून देऊ नयेत असं म्हटलं आहे. माझा पट्टा कपाटात आहे. सासूबाई तेल लावून देतात, त्याने बरं वाटतं, ते मी सोडलेलं नाही.

हेच तीन प्रकार सर्वांना लागू पडतील असं नाही. कोणाला योगासनं मानवतात, कोणाला पोहणं. नियमाने होईल तो प्रकार निवडावा. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होणं यांपैकी काहीही दिसलं, तर सतरंजी गुंडाळून थेट रुग्णालय गाठा. कंबरदुखीबरोबर ताप असेल, विनाकारण वजन घटत असेल किंवा पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

स्कूटरवरचे खड्डे अजून सोसत नाहीत. त्यासाठी सध्या शक्य असेल तेव्हा बसने जाते आणि एक थांबा आधी उतरून उरलेलं चालते.