८×४२ दुर्बीण: तीन हंगाम वापरल्यानंतर

"मॅडम, आठमध्ये काय दिसणार? दहाची घ्या," असं दुकानदार तीनदा म्हणाला. माझा हात चहाचा कप धरतानाही हलतो. दहापट मोठं दिसलं की थरथरही दहापट दिसणार. मी हट्टाने ८×४२च घेतली आणि पस्तावले नाही.

ती मुख्यतः वापरते रायगड जिल्ह्यातल्या म्हसळ्याजवळच्या चिरगावला, पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी बघायला. गेल्या जानेवारीत सकाळी सातला झाडीत अजून काळोखच होता. अशा वेळी जास्त उजेड आत घेणारी ४२ मिलिमीटरची भिंगं कामाला येतात. बेहड्याच्या उंच बेचक्यात काटक्यांचा ढीग आणि त्यावर दडपून बसलेला पक्षी, मानेभोवतीच्या पांढऱ्या पिसांसकट स्वच्छ दिसला. चाळीस मिनिटं काही म्हणजे काही घडलं नाही. मग दुसरं गिधाड पाल्यासकट डहाळी चोचीत धरून उतरलं. बसलेलं उठलं, मांडी घालून पाय आखडलेल्या माणसासारखं, आणि त्याच्या पोटाखाली करड्या लवेचं एक डोकं हललं. एकच.

हंगामाला अंडं एकच. नर-मादी आळीपाळीने दीड महिन्याहून जास्त उबवतात, पुढे पिलू उडेपर्यंत आणखी तीनेक महिने. ते एक गेलं की जोडप्याचं वर्षच गेलं. म्हणून तर डायक्लोफिनॅकने, म्हणजे मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांना मारणाऱ्या वेदनाशामक औषधाने, केलेलं नुकसान भरून यायला इतका वेळ लागतोय. गुरांच्या उपचारातून ते औषध २००६ साली बाद झालं, पण १९९२ ते २००७ या काळात देशात या जातीची हजारातली जेमतेम एक-दोन गिधाडं उरली होती.

वाटाड्या पोरगा आम्हाला समोरच्या उतारावरून पुढे सोडत नाही. "काकू, तुमच्याकडं दुर्बीण हाय ना, मग?" बरोबरच आहे त्याचं. एकदा दोन फोटोवाले थेट बुंध्याशी गेले. पक्षी उठून गेला आणि पिलू बराच वेळ उन्हात उघडं पडलं. त्यांना फोटोही धड मिळाला नसणार.

आता तक्रारी. पट्टा मानेला काचतो, मी जुन्या साडीची पट्टी शिवून घेतली. भिंगांची झाकणं पहिल्याच फेरीत जंगलात पडली. चष्म्यासकट बघता येतं, पण त्यासाठी डोळ्याकडची रबरी वाटी खाली दुमडावी लागते आणि दुसऱ्या वर्षी त्यातली एक फाटली. दुरुस्तीला दिली, परत यायला दोन महिने लागले, तेही ऐन नोव्हेंबरात. अंडं कधी घातलं ते त्या वर्षी मला कळलंच नाही. एक तारा त्याचा कापला. पिसांवरून पिलाचं वय ठरवायचं असेल तर मात्र ही पुरत नाही, तिवईवरची मोठी दुर्बीण लागते.

पाचपैकी चार. पावसाळ्यात ती लाडवांच्या स्टीलच्या डब्यात, सिलिकाच्या पुड्यांसोबत असते. लाडू सध्या बरणीत.