पेप्टाइडची एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान तीव्रता) काढायला पॉलिप्रोपिलीनची ९६ वेलची (छोट्या खळग्यांची) प्लेट

गायीच्या न्यूट्रोफिलमधले (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीतले) इंडोलिसिडिन (१३ अमिनो आम्ले, त्यांतली ५ ट्रिप्टोफॅन), डुकराचे प्रोटेग्रिन-१, कोंबडीचे कॅथेलिसिडिन-२ ही सगळी जिवाणू मारणारी धनभारित पेप्टाइड्स, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या. नेहमीच्या पॉलिस्टायरीन प्लेटला ती चिकटतात. पेशीसंवर्धनासाठी प्रक्रिया केलेल्या ऋणभारित प्लेटला तर फारच. सर्वांत विरळ वेलमध्ये चिकटून होणाऱ्या या घटीचा वाटा सर्वाधिक असतो, त्यामुळे एमआयसी वर सरकते आणि चांगले पेप्टाइड निकामी ठरते. पॉलिप्रोपिलीन ही चूक पुष्कळ कमी करते. तेवढ्या एका कारणासाठी ती घ्यावीच.

पण एकट्या प्लेटने काम होत नाही. मूळ द्रावण काचेच्या बाटलीत ठेवले तर पेप्टाइड तिथेच अडकते. नळ्याही पॉलिप्रोपिलीनच्याच हव्यात. पेप्टाइड ०.०१ टक्का ॲसेटिक आम्ल आणि ०.२ टक्के बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनच्या द्रावणात, वेलमध्ये हव्या असलेल्या तीव्रतेच्या दहापट ठेवून, दुपटीच्या टप्प्यांनी विरळ करा. प्रत्येक वेलमध्ये मूलर-हिंटन ब्रॉथमधले (जिवाणू वाढवण्याच्या द्रवातले) १०० मायक्रोलिटर जिवाणू (मिलिलिटरला २ ते ७ लाख सीएफयू, म्हणजे वसाहत करू शकणारे जिवंत जिवाणू) आणि त्यावर ११ मायक्रोलिटर पेप्टाइड. तुलनेसाठी एक वेल पेप्टाइडविना, एक जिवाणूंविना. ३७ अंशांना १८ ते २४ तास. पावडर तोलताना निव्वळ पेप्टाइडचे प्रमाण विक्रेत्याच्या कागदावर पाहा. शुद्धता ९५ टक्के लिहिली असली तरी वजनात ट्रायफ्लुरोॲसेटेट आणि पाणीही धरलेले असते.

खरी अडचण वाचनाची. प्लास्टिक धुरकट असल्याने प्लेट रीडरवर ऑप्टिकल डेन्सिटीचे (द्रवाच्या गढूळपणाचे) आकडे भरवशाचे येत नाहीत. तळाशी बसलेला जिवाणूंचा ठिपका काळ्या कागदावर धरून डोळ्यांनी पाहा. आकडाच हवा असेल तर वेल ढवळून द्रव पारदर्शक प्लेटमध्ये हलवा. वाढ झालेली असते, तेव्हा चिकटण्याने आता बिघडत नाही. कडेच्या वेलमधले पाणी उडते, म्हणून ओल्या कापडासह बंद डब्यात ठेवा.

डिफेन्सिन कुळातली बरीच पेप्टाइड्स शरीराइतक्या मिठात ढिली पडतात. तो दोष प्लेटच्या माथी मारू नये.

निर्जंतुक, यू-आकाराच्या तळाचीच मागवा. सपाट तळात ठिपका पसरतो आणि शेवटची स्वच्छ वेल ठरवताना वाद होतात. झाकण सोबत येते की वेगळे घ्यावे लागते, ते ऑर्डर देण्याआधी तपासा.