तीन विषयांचे तीन लेख आणि एक बनावट अंक

"यूजीसी केअर लिस्टेड. सर्व विषय. मराठी, हिंदी, इंग्रजी. ४८ तासांत स्वीकृतीपत्र. ई-सर्टिफिकेट मोफत." प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संशोधन लेख छापून देण्याचा असा मेसेज तुम्हीही पाहिला असेल. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, आणि केअर ही त्याची तेव्हाची मान्य नियतकालिकांची यादी. आम्ही तिघे त्यावरून फसवले गेलो. मी मराठी शिकवते, माझी मैत्रीण बी.एड. कॉलेजात आहे आणि तिसरे सहकारी पर्यावरणशास्त्राचे. प्रत्येकाचे साडेचार हजार रुपये गेले. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला ही रक्कम लहान नसते, त्यातून मानधन महिनोन्महिने अडकलेले. तरीही पैशांपेक्षा लेखांचे जे झाले ते मला जास्त सांगायचे आहे, कारण त्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही.

तेव्हा पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी मान्यताप्राप्त नियतकालिकात एक शोधनिबंध छापून येणे बंधनकारक होते. २०१६ च्या नियमांतली ही अट यूजीसीने नोव्हेंबर २०२२ मध्ये काढली. पण नोकरीच्या मुलाखतीला आणि कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या फाइलला प्रकाशित लेख आजही लागतातच. हा धंदा या गरजेवर उभा आहे.

मेसेजमध्ये ज्या नियतकालिकाचे नाव होते ते खरे होते. जुने, एका संस्थेचे, मानव्यविद्यांना वाहिलेले. केअरच्या यादीत ते होते, आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक जुळत होता, वेबसाइटवर संस्थेच्या इमारतीचा फोटो होता आणि संपादक मंडळात ओळखीची नावे होती. लेख पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. "मॅडम, अभिनंदन, रिव्ह्यूअर्सनी पेपर ॲक्सेप्ट केलाय. या आठवड्याचा इश्यू लॉक होतोय, आज पेमेंट केलंत तर यातच घेतो." खाते एका व्यक्तीच्या नावावर होते. विचारले तर उत्तर तयार होते : "संस्थेच्या खात्याला यूपीआय नाही, सर अकाउंट्स बघतात, त्यांचंच आहे." पैसे गेले, प्रमाणपत्र आले, लिंक आली.

उलगडा छाननी समितीसमोर झाला. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी माझी फाइल चाळून एवढेच विचारले, "याचा छापील अंक आहे का?" नव्हता. मी मूळ संस्थेचा पत्ता शोधून तिथे फोन लावला. संपादक वयस्कर होते, बोलणे शांत. "ताई, आमचा अंक फक्त छापील निघतो. आमची वेबसाइटच नाही. तुमच्यासारखे बरेच फोन येतात हो. आम्ही पोलिसांत दिलंय." त्यांचे नाव, त्यांच्या संस्थेची कित्येक वर्षांची पुण्याई कोणीतरी उचलून विकायला काढली होती. याला क्लोन जर्नल म्हणतात. अशा बनावट नियतकालिकांविषयी यूजीसीने वेळोवेळी सावधगिरीच्या सूचनाही काढल्या होत्या. आमच्या कॉलेजात त्या कोणाच्या वाचनात आल्या नव्हत्या.

आता लेखांविषयी. माझा विषय होता जात्यावरच्या ओव्यांतले पाणी आणि झाडे. गी पॉइतवाँ आणि हेमा राइरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. तो संग्रह आता 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर सगळ्यांना ऐकता येतो. त्याच्याशी ताडून बघावे म्हणून मी आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायकांकडून ओव्या उतरवून घेतल्या होत्या. विहीर आटल्याच्या, पाऊस माहेराकडून येण्याच्या, बाभळीखाली विसावल्याच्या. त्यांतल्या काही आजी आता नाहीत. मी युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर त्या लोकांनी कुठल्यातरी जुन्या फॉन्टमध्ये ओतला. जोडाक्षरे फुटली, रफार भलत्याच अक्षरावर बसले, काही ओव्यांच्या जागी नुसत्या चौकटी उमटल्या. गाणाऱ्या बाईंचे नाव प्रत्येक ओवीखाली मी मुद्दाम दिले होते, तेही वाचता येत नव्हते. डोळ्यांखालून एकदा जरी कोणी ते पान घातले असते तरी हे दिसले असते.

पर्यावरणवाल्या सरांचा लेख विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर होता. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापुढे गेलेल्या पाण्याचा सर्वांत मोठा धोका तान्ह्या बाळांना असतो. सरांच्या तक्त्यातले दशांशचिन्ह छापताना गळाले. ३८.२ चे ३८२ झाले. चांगल्या पाण्याची विहीर कागदावर विषारी ठरली, आणि त्यापुढचा रकाना सरकल्यामुळे खरोखर वाईट असलेल्या विहिरीसमोर दुसऱ्याच विहिरीचा आकडा आला. हा तक्ता उद्या कोणी ग्रामपंचायतीत पुढे ठेवला तर काय, या विचाराने सरांची झोप उडाली होती. मुळात मानव्यविद्यांच्या नियतकालिकात नायट्रेटचा लेख स्वीकारला जातो, एवढ्यावरून कोणालाही शंका यावी. पण मुखपृष्ठावर 'मल्टिडिसिप्लिनरी' लिहिले की साहित्य, शिक्षण, पर्यावरण, वाणिज्य, सगळे एकाच अंकात खपते.

सगळ्यांत वाईट मैत्रिणीच्या बाबतीत घडले. तिने एका जिल्हा परिषद शाळेत परिसर अभ्यासाचे पाठ लोकगीतांतून शिकवून पाहिले होते. पालकांची संमतीपत्रे तिने संपादकांच्या पाहणीसाठी वेगळ्या फाइलमध्ये जोडली होती. ती फाइल त्यांनी लेखाच्या शेवटी जशीच्या तशी चिकटवून इंटरनेटवर चढवली. मुलांची नावे, पालकांच्या सह्या, काहींचे मोबाइल नंबर, सगळे उघड्यावर. मुख्याध्यापकांनी तिच्यावर विश्वास टाकला होता. त्यांना हे सांगायला ती स्वतः गेली.

लेख काढून टाका म्हणून आम्ही लिहिले तेव्हा उत्तर आले की विथड्रॉवल चार्ज भरावा लागेल, आणि तो छपाईच्या रकमेपेक्षा जास्त होता. कॉपीराइट आमच्याकडे आहे, अशी दटावणीही होती. आम्ही पैसे दिले नाहीत. साइटचे डोमेन कोणत्या कंपनीकडे नोंदले आहे हे 'हूइज'वर शोधून तिच्या तक्रार विभागाला मुलांच्या माहितीबद्दल लिहिले, आणि ती फाइल उतरली. माझा लेख अजून तिथेच आहे. दुसऱ्या चांगल्या अंकाकडे तोच लेख पाठवला तर तो 'आधी प्रसिद्ध झालेला' ठरतो. एका संपादकांना मी सगळी हकीकत कळवली. त्यांनी समजून घेतले, पण नव्या सामग्रीसह नव्याने लिहा, असेच सांगितले. ज्या आजी गेल्या त्यांच्याकडून नवी सामग्री कुठून आणायची?

आम्ही एकटे नव्हतो, हे नंतर कळले. २०१७ मध्ये यूजीसीने मान्य नियतकालिकांची मोठी यादी काढली होती. त्यातल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि मोठ्या सूचींत नसलेल्या १००९ नियतकालिकांची तपासणी संशोधक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी केली व ती २०१८ मध्ये 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अशांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने यादीतून ४३०५ नावे काढली. मग २०१९ मध्ये केअर यादी आली, तिच्यातल्या नियतकालिकांचे क्लोन निघाले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीही बंद केली. नियतकालिक पारखण्याचे काम आता संस्थांवर आणि आपल्यावर आहे. माझ्या मते हा बदल तालुक्याच्या गावात, एकट्याने काम करणाऱ्या शिक्षकाला फार महागात पडणार आहे. यादीला दोष होते, पण निदान फोन करून विचारायला एक जागा होती.

म्हणून आता मी काय करते ते सांगते. आयएसएसएन पाहून हुरळत नाही. तो नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे. तो अंकाच्या साइटवर न पाहता आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर टाकून नाव, प्रकाशक आणि अंक छापील की ऑनलाइन हे ताडते. आमच्या वेळी तिथे 'छापील' एवढीच नोंद होती. इम्पॅक्ट फॅक्टरची, म्हणजे नियतकालिकातल्या लेखांचे संदर्भ किती घेतले जातात यावरून काढलेल्या आकड्याची जाहिरात असेल तर तो क्लॅरिव्हेट या कंपनीचा आहे का ते बघते, कारण मिळत्याजुळत्या नावांचे फॅक्टर पैसे देऊन मिळतात. संपादक मंडळातल्या एकाला त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल टाकून विचारते, "आपण या मंडळावर आहात का?" मागचा एखादा अंक उघडून सलग वाचते. मराठी लेखांत जोडाक्षरे फुटलेली दिसली की तिथून परत फिरते. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, दिला असेल तर तो चालवून बघते. आणि संमतीपत्रे किंवा कच्ची माहिती आता कोणालाही आधी पाठवत नाही, मागितली तर नावे झाकून.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक आणखी. मराठी अभ्यास परिषदेचे 'भाषा आणि जीवन', वाईचे 'नवभारत', पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचे 'परामर्श' ही नावे ४८ तासांच्या घाईत आपल्याला आठवतच नाहीत. खरा संपादक लेख परत पाठवतो, प्रश्न विचारतो, संदर्भ मागतो. त्याला वेळ लागतो, तेव्हा प्रबंधाची तारीख ठरायच्या बऱ्याच आधी लेख पाठवा. मार्गदर्शकांनीही विद्यार्थ्याला "कुठेतरी एक छापून आण" असे म्हणू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

ज्यांचे पैसे आत्ताच गेले असतील त्यांनी लाजून गप्प बसू नये. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात वळायच्या आत कळवले तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. आम्ही खूप उशिरा कळवले, त्यामुळे आमचे परत आले नाहीत. तक्रारीला व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, स्वीकृतीपत्र, मेसेजचे स्क्रीनशॉट आणि साइटचा पूर्ण पत्ता जोडा. आणि मूळ नियतकालिकाच्या संपादकांनाही कळवा. आमचे अर्ज त्या वयस्कर संपादकांनी आपल्या पोलीस तक्रारीला जोडून घेतले.