लाराव्हेलचं राउट मॉडेल बाइंडिंग: हळदीच्या आडतीवर आठ महिने

लाराव्हेल हे पीएचपीत वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क; त्यातलं राउट मॉडेल बाइंडिंग म्हणजे वेबपत्त्यातल्या आकड्यावरून डेटाबेसमधली नोंद आपोआप शोधून देणारी सोय. वापर कुठे, तर सांगली मार्केट यार्डातल्या आडतींचे खातेदार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. डेटाबेस मायएसक्यूएल. वेबपत्त्यातला १२ हा आकडा कंट्रोलरमध्ये (विनंती हाताळणाऱ्या कोडमध्ये) पोचेपर्यंत थेट कस्टमर मॉडेल, म्हणजे त्या खात्याची नोंद, झालेला असतो, नसलेल्या खात्याला ४०४ ('सापडलं नाही') आपोआप. एवढ्यावर पैसे वसूल.

पण नावं जुळायलाच हवीत. राउटमध्ये (कोणता पत्ता कोणत्या कोडकडे जातो, त्या ओळीत) 'कस्टमर' आणि फंक्शनमध्ये 'खातेदार' असं व्हेरिएबल ठेवलं की एरर येत नाही, हातात कोरं मॉडेल येतं. त्यावर अपडेट चालवलं तर गुपचूप फॉल्स; सेव्ह चालवलं तर टेबलात नवीच ओळ. हा दोष शोधायला सगळ्यात जास्त वेळ खातो.

मायएसक्यूएलची खोड वेगळी. पत्त्यात १२एबीसी टाकलं तरी १२ नंबरचं खातं उघडतं, कारण आकड्याच्या कॉलमशी तुलना करताना पुढची अक्षरं गळतात. राउटला व्हेअरनंबर (फक्त आकडेच चालतील ही अट) लावा, मिटलं. प्रश्नचिन्हानंतर येणाऱ्या पॅरामीटरला मात्र बाइंडिंग लागूच होत नाही. तिथे फाइंडऑरफेल (शोध, नाहीतर ४०४) हातानेच.

मोबाइल नंबर हे खरं दुखणं. लिंकमध्ये प्रश्नचिन्हापुढे +९१ एन्कोड न करता लिहिलं तर अधिकचं चिन्ह स्पेस होतं, ती स्पेस ट्रिमस्ट्रिंग्ज (कडेच्या स्पेस छाटणारी लाराव्हेलची सोय) कापतं, उरतो ९१ पासूनचा बारा आकडी नंबर. शिवाय दिवाणजींचा कीबोर्ड मराठी. देवनागरी आकडे डिजिट्स:१० हा नियम (त्याला दहा इंग्रजी आकडेच हवेत) नाकारतो आणि समोरचा म्हणतो, "दहाच तर आहेत की!" त्याचं बरोबरच आहे. प्रिपेअरफॉरव्हॅलिडेशनमध्ये (तपासणीआधी चालणाऱ्या फंक्शनमध्ये) एसटीआरटीआर या अक्षरं बदलणाऱ्या फंक्शनने आकडे इंग्रजी करा, मग आकड्यांखेरीज सगळं काढून शेवटचे दहा ठेवा. खातं दुरुस्त करताना युनिक नियमाला (नंबर दुसऱ्या कुणाचा नसावा) इग्नोर (हे खातं सोडून बघ) द्यायला विसरलात, तर खातेदाराचा स्वतःचाच नंबर 'आधीच आहे' म्हणून अडतो.

रिक्वेस्टचं ऑल (बाहेरून आलेली सगळी माहिती) थेट नवी नोंद करणाऱ्या क्रिएटला देऊ नये. उधारी मर्यादा फिलेबलमध्ये (एकदम भरता येणाऱ्या फील्डच्या यादीत) असेल, तर फॉर्ममध्ये नसलेलं ते फील्ड कुणीही बाहेरून पाठवून स्वतःची उधारी वाढवून घेईल. व्हॅलिडेटेड (नियमांतून तपासून निघालेलीच माहिती) वापरा.

एकाच टेबलात अनेक आडतींची खाती असतील तर स्कोपबाइंडिंग्ज (खातं पत्त्यातल्या आडतीचंच आहे ना, हे बघणारी सोय) हवंच; नाहीतर पत्त्यातला आकडा बदलला की शेजारच्या पेढीचं खातं समोर. आडत बघण्याचा हक्क त्या माणसाला आहे का, हे तरीही पॉलिसीतच (हक्काचे नियम लिहायच्या जागी) तपासावं लागतं. सॉफ्ट डिलीट केलेली (टेबलात ठेवून फक्त काढल्याची खूण केलेली) खाती ४०४ देतात, म्हणून जुन्या पट्ट्यांच्या राउटला तेवढं विथट्रॅश्ड (काढलेलीही दाखव) लावलंय.