हॅमिल्टन ९९२: काही महिने खिशात वागवल्यावर

संग्रहातली बाकीची घड्याळं कपाटातच असतात. हे एक मात्र रोज वापरायचं ठरवलं. हॅमिल्टन ९९२, खिशात ठेवायचं घड्याळ, १६ साइज (अमेरिकन मापातला आकार), २१ ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे), अमेरिकन रेल्वेवाल्यांसाठी बनलेलं. सिरियल नंबरवरून १९१०च्या दशकातलं.

आधी वेळेचं. आठवड्याला पाऊण मिनिट मागे पडतं. १८९१ साली ओहायोतल्या किप्टनजवळ दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि त्यानंतर रेल्वेच्या घड्याळांचे नियम कडक झाले. आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक चालत नसे. म्हणजे आमचे हे आजोबा नापास! मला चालतं.

लिव्हर सेटची, म्हणजे पट्टी ओढून काटे लावण्याची, सवय व्हायला मात्र वेळ लागला. चावी (वरची गोल खुंटी) ओढून काटे फिरत नाहीत. पुढची काच फिरवून काढायची, तबकडीच्या कडेला दडलेली पट्टी नखाने बाहेर ओढायची, मग चावी फिरवून काटे लावायचे, पट्टी आत ढकलायची, काच परत बसवायची. उपद्व्याप वाटतो खरा, पण घड्याळ खिशातून काढताना चावी ओढली जाऊन चुकून वेळ बदलू नये म्हणूनच रेल्वेचा तसा नियम होता. रोज सकाळी चावी मात्र न चुकता द्यायची.

पडण्याची भीती कायमची. शॉकप्रूफ हा प्रकारच यात नाही. एकदा आपटलं की बॅलन्सची, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाची, बारीक दांडी मोडलीच म्हणून समजा. साखळीशिवाय बाहेर काढत नाही. दुसरा शत्रू लोहचुंबक. मोबाइलच्या कव्हरमधला चुंबकसुद्धा पुरतो: त्या चाकाच्या पोलादी हेअरस्प्रिंगचे (केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळत सुटतं. होकायंत्र जवळ धरा, सुई थरथरली तर समजा. घड्याळजीकडे डीमॅग्नेटाइझ करणं काही सेकंदांचं काम असतं.

खरी मजा चार संग्राहक जमले की. मागचं झाकण उघडलं की निकेलच्या प्लेटांवरच्या नक्षीत उजेड हलतो, आणि भिंगासाठी ओढाताण सुरू. मग ठरलेला वाद: केस (मशीनभोवतीचं धातूचं कवच) मूळची का? मला हा वाद थोडा पोकळच वाटतो, कारण त्या काळी अमेरिकेत गिऱ्हाईक बहुधा मशीन आणि केस वेगवेगळी निवडायचं आणि सराफ ती जोडून द्यायचा. तरी पुढे कधी अदलाबदल झाली का, ते कळतं. मशीन धरून ठेवणाऱ्या स्क्रूंचे ओरखडे केसच्या आतल्या कडेवर उमटतात. आत्ताच्या स्क्रूंपासून दूर आणखी ओरखडे दिसले, तर त्या केसमध्ये आधी दुसरं मशीन नांदत होतं. माझ्या घड्याळात तसे दोन सापडले, तेही दुसऱ्याच्या नजरेला. घड्याळ काही परत केलं नाही.

घेणार असाल तर विकणाऱ्याकडे झाकण उघडून काढलेला मशीनचा आणि त्या कडेचा फोटो मागा. तबकडीचा तो आपणहून पाठवतोच.